कुळागरातली बंदूक आणि शेकरू : पार्श्वभूमी

पोर्तुगीज अमदानीतल्या शिकारीच्या गोष्टी गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणात अजून ऐकायला मिळतात, पण कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागायतीत, राखणीच्या नावाने शेकरू मारावे का या आजच्या वादाचे मूळ मुक्तीनंतर इथे लागू झालेल्या कायद्यांत आहे. शेकरू शहाळी फोडते म्हणून बंदुकीची भाषा होते आणि त्याचे मांस खाल्ले जाते म्हणूनही. दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही.

1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात दोन सोयी आहेत. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक. संरक्षण किंवा शिकारीच्या हौसेसाठी निदान 20 इंच नळीची छर्ऱ्याची बंदूक. चारशे दहा बोअर ही बारीक नळीची छर्ऱ्याची बंदूक या दुसऱ्या प्रकारात बसते. नेहमीच्या, रुंद नळीच्या बारा बोअरच्या काडतुसात साधारण 30 ग्रॅम छर्रे, हिच्या आखूड काडतुसात 14 च्या आसपास. धक्का कमी, आवाज कमी आणि लहान जनावराच्या मांसाची चाळण होत नाही. राखणीसाठी यातला एकही गुण लागत नाही, हेही नोंदवायला हवे.

मोले, खोतीगाव, बोंडला ही अभयारण्ये साठच्या दशकाच्या अखेरीची. 1972 च्या वन्यजीव कायद्यातही शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ते गेले. घोळ झाला तो इथेच. शिकार बंद झाली, पण शेतीच्या नावावरचा शस्त्रपरवाना राहिला. बागायतदाराची समजूत अशी की बंदूक सरकारने दिली म्हणजे ती झाडायची मुभाही दिली. प्रत्यक्षात वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे नुकसान करणारे जनावर मारायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. तो कुळागरातल्या माणसापर्यंत पोचेतो नारळाचा हंगाम संपलेला असतो, ही तक्रार खोटी नाही. पण ती पुढे करणाऱ्या सगळ्यांच्याच माडावर शेकरू नसते.

1999 मध्ये म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्ये जाहीर झाली आणि गावे, कुळागरे हद्दीत आली. निवडणुका आल्या की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आदेशावर शेतकऱ्यांचा संताप ठरलेला. 2016 मध्ये माकड, रानडुक्कर, गवा, अगदी मोरालाही उपद्रवी ठरवण्याची भाषा सरकारातूनच झाली. देशभर गाजली ती मोरामुळे.

2019 च्या दुरुस्तीने शस्त्रपरवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. शेतीच्या राखणीसाठी म्हणून दिलेल्या बंदुकीने तिथे नेमके काय मारायचे, हा प्रश्न त्या दुरुस्तीत नव्हता.