सिनेमा लांबला की लांब वाटला?

मुंबईच्या एकपडदा थिएटरांत वर्षानुवर्षं खेळ लागायचे ते 12, 3, 6 आणि 9 वाजता. जाहिराती, मध्यंतर, प्रेक्षकांची ये-जा, सगळं त्या तीन तासांत बसवायचं. 9 चा खेळ सुटला की दादरला पळत जाऊन शेवटची लोकल गाठायची. लालबाग-परळच्या प्रेक्षकांच्या अंगात हे वेळापत्रक इतकं मुरलं होतं की सिनेमा दोन तासांत आटोपला तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं नाही.

त्या काळी लांबी खरोखरच फुटांत मोजत. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) असतात आणि पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात; म्हणजे मिनिटाला 90 फूट. 1000 फुटांचं रीळ 11 मिनिटांत संपतं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांचा आकडा असे. दिवे मालवले की आधी तेच पडद्यावर यायचं आणि जाणकार प्रेक्षक मनाशी हिशेब मांडायचा: 16 रिळं, म्हणजे भरपूर आहे! 1913 साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ अवघा चार रिळांचा होता. 1964 चा ‘संगम’ जवळजवळ चार तासांचा. त्याला दोन मध्यंतरं होती.

पण मिनिटं सारखी असली तरी ती सारखी वाटत नाहीत. मेंदूचं लक्ष गोष्टीत गुंतलं की वेळेकडे लक्ष द्यायला उरतंच किती? गोष्ट सैल पडली की तेच लक्ष घड्याळाकडे वळतं, खुर्ची टोचायला लागते आणि दहा मिनिटं संपता संपत नाहीत.

घरी परतल्यावरचा हिशेब आणखी वेगळा. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सुखद आणि किळसवाण्या चित्रफिती दाखवल्या. काही छोट्या, काही लांब. नंतर अनुभव कसा होता असं विचारलं, तर लांबीचा उत्तरांवर फारच थोडा परिणाम दिसला. लोकांच्या मतावर जोर होता तो सर्वांत तीव्र क्षणाचा आणि शेवटाचा. त्यातल्या लांब फितीही दोनेक मिनिटांच्याच होत्या, त्यामुळे तीन तासांच्या सिनेमाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ‘सेकंड हाफ ढेपाळला’ एवढ्या एका वाक्यात आपण अख्खा सिनेमा निकालात काढतो, त्यामागे बहुधा हेच असावं. म्हणूनच दिवसात एक खेळ जास्त बसावा म्हणून सरसकट वीस मिनिटं कापणं मला पटत नाही. कंटाळा जिथे आहे तिथेच राहतो, जातात ते श्वास घ्यायला ठेवलेले प्रसंग.

मध्यंतराचीही आपल्याला अशीच सवय आहे. सव्वा तास झाला की आपण एखाद्या धक्क्याची वाट बघू लागतो, आणि आपले पटकथालेखक तो ‘इंटरव्हल पॉइंट’ आधी ठरवून मग मागचं-पुढचं रचतात. 2011 चा ‘धोबी घाट’ मध्यंतराशिवाय दाखवला गेला. मुंबईचाच सिनेमा, जेमतेम पावणेदोन तासांचा, आणि एका दमात बघायलाच बांधलेला. परदेशी सिनेमांना मात्र ही सवलत क्वचितच मिळते. त्यांत लेखकाने थांबा ठेवलेलाच नसतो, तरी आपल्या थिएटरांत पात्र अर्ध्या वाक्यात असताना दिवे लागतात आणि पॉपकॉर्नची रांग सुरू होते. दोन तासांच्या आतल्या अशा सिनेमाला थिएटरवाल्यांनी मध्यंतर देऊच नये. द्यायचंच असेल, तर ते कुठे द्यायचं हे दिग्दर्शकाला विचारून ठरवावं.