केनियाची सफारी: कागदपत्रं कोणत्या क्रमाने जमवायची

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी विमानाचं तिकीट बघतात, मग लॉजचे फोटो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिली चौकशी पिवळ्या तापाच्या लशीची करा. केनियात शिरण्याची परवानगी घरबसल्या काही दिवसांत मिळते. लशीची तारीख मात्र केंद्राच्या सोयीने मिळते, आणि टोचून घेतल्यावरही प्रमाणपत्र लागू व्हायला 10 दिवस जावे लागतात. जुलै ते ऑक्टोबर या प्राण्यांच्या स्थलांतराच्या हंगामात जायचं असेल तर निदान दोन महिने आधी या कामाला लागा.

त्याआधी पासपोर्ट उघडून बघा. केनियात पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान 6 महिने मुदत हवी आणि शिक्क्यासाठी कोरं पान हवं. मुदत कमी असेल तर नूतनीकरण आधी उरका, कारण लशीच्या कार्डावर पासपोर्टचा नंबर लिहिला जातो.

पिवळं कार्ड

लशीचं प्रमाणपत्र म्हणजेच हे पिवळं कार्ड. त्याची कडक तपासणी होते ती घरी परतताना. केनिया भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे तिथून आलेल्या प्रवाशाला विमानतळावर आरोग्य विभागाच्या काउंटरवर कार्ड दाखवावं लागतं. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा नियम नागरिकत्व बघत नाही, प्रवास कुठून झाला ते बघतो. अमेरिकेतला भाऊ नैरोबीत तुम्हाला येऊन भेटणार असेल आणि पुढे तुमच्याबरोबर पुण्याला येणार असेल, तर कार्ड त्यालाही लागेल.

लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयं व केईएम रुग्णालय, पुण्यात ससूनचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगाव बंदर ही त्यांतली काही. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. लशीच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बऱ्याच केंद्रांत ठरावीक वार आणि मोजक्याच जागा असतात. फोन करून किंवा ऑनलाइन वेळ घेऊनच जा. सोबत मूळ पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स ठेवा.

कार्ड हातात आलं की काउंटरवरून हलू नका. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, लस घेतल्याची तारीख, बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का एकेक करून तपासा. कार्डधारकाच्या सहीची जागा पुष्कळांची कोरीच राहते, ती तिथेच भरा. मूळ कार्डच जवळ बाळगा, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. 10 वर्षांची अट 11 जुलै 2016 पासून गेली, त्यामुळे पूर्वी आफ्रिकेत नोकरीला असलेल्यांचं जुनं कार्डही ग्राह्य आहे. मध्यंतरी पासपोर्ट बदलला असेल तर जुना पासपोर्टही सोबत घ्या.

9 महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण, कमजोर प्रतिकारशक्ती किंवा 60 च्या पुढचं वय असेल तर डॉक्टरांशी नीट बोला. वैद्यकीय कारणाने सूट असल्याचं पत्र मिळू शकतं, पण त्यामुळे परतल्यावर विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका. आईवडिलांना नेण्याचा बेत असेल तर हा प्रश्न तिकिटं काढायच्या आधी सोडवायला हवा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

ईटीए

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए, सुरू केली. भारतीय पासपोर्टवर ती लागतेच, आणि तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाचा अर्ज वेगळा. शुल्क माणशी 30 डॉलर, वर क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने भरण्याचा थोडा आकार. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओ डॉट केई’ असतं. शोधात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात आणि याच अर्जाचे कितीतरी जास्त पैसे घेतात, म्हणून पत्ता वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

अर्जाला पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ फोटो, चेहऱ्याचा फोटो, जाण्यायेण्याच्या विमानाचा तपशील आणि राहण्याचं बुकिंग लागतं. म्हणजे लॉज पक्कं झाल्यावरच अर्ज करायचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे दिलेल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, ते गाळू नका. निर्णयाला साधारण 3 कामाचे दिवस लागतात, तरी दोन आठवडे हाताशी ठेवा. मुलांसाठी जन्मदाखला ठेवा, आणि एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही.

युगांडात गोरिला बघायचे असतील किंवा रवांडाला जायचं असेल तर 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा घ्या. तो तिन्ही देशांत 90 दिवस चालतो, अर्ज मात्र ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे करायचा. टांझानिया त्यात येत नाही. तिथला ई-व्हिसा वेगळा, भारतीयांना 50 डॉलर, आणि केनियातून जाताना पिवळं कार्ड तिथेही मागतात. मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी अभयारण्य नकाशावर एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण पर्यटकांना मधून पलीकडे जाता येत नाही. इसेबानियाच्या सीमा चौकीवरून लांबचा वळसा पडतो. झांझिबार जोडणार असाल तर तिथला सक्तीचा विमाही घ्यावा लागतो.

अभयारण्याचं तिकीट

मसाई माराचं प्रवेश शुल्क परदेशी प्रौढाला दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. चौघांच्या कुटुंबाचा खर्च इथेच फिरतो, त्यामुळे टूरवाल्याच्या दरात हे शुल्क धरलंय का, आणि किती दिवसांचं, हे लेखी घ्या. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने आपल्याकडून आधीच घेतलेला आयकर, कापला जातो. त्यासाठी पॅन द्यावा लागतो आणि विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून मिळते.

सामान भरताना प्लॅस्टिककडे लक्ष द्या. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांत जून 2020 पासून एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिकही चालत नाही. चिवडा, चकल्या स्टीलच्या डब्यात भरा, चपला कापडी पिशवीत. ड्रोन घरीच ठेवा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर माणशी 15 किलोच सामान नेता येतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग हॉटेलात ठेवून जावी लागते.