शारीरिक आजारातील नैराश्य

हृदयविकार, अर्धांगवायू, कर्करोग, मधुमेह, कंपवात यांसारख्या शारीरिक आजारांच्या काळात, कधी त्यांच्या आधी तर कधी बरे झाल्यावर उद्भवणारे नैराश्य व भावस्थितीचे इतर विकार. यांत नैराश्याचे प्रमाण सर्वाधिक असते. उन्माद, म्हणजे झोप उडून उत्साह आणि बोलणे बेसुमार वाढणे, त्या मानाने क्वचित आढळतो.

‘एवढं सगळं झाल्यावर माणूस खचणारच,’ असे नातेवाईक म्हणतात, डॉक्टर म्हणतात, रुग्ण स्वतःही म्हणतो. हे वाक्य मायेपोटी येते, पण त्यामुळेच उपचार राहून जातात. हाड मोडल्यावर दुखणारच, म्हणून कोणी वेदनाशामक नाकारत नाही. शिवाय, सगळे खचतात हेही खरे नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचांपैकी एकाला आणि अर्धांगवायूनंतर तिघांपैकी एकाला नैराश्य येते. मधुमेहात नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असते. म्हणजेच बहुसंख्य रुग्ण दुःख, भीती, चिडचिड यांतून हळूहळू सावरतात. जो सावरत नाही त्याला काहीतरी वेगळे झाले आहे, हे ओळखावे लागते.

खरी अडचण इथेच येते. थकवा, झोप बिघडणे, भूक मरणे, वजन घटणे, लक्ष न लागणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि ती आजाराचीही आहेत. डायलिसिसच्या खुर्चीवर चार तास बसलेला माणूस थकणारच. पण नातवाचा फोन आला की तो डोळे उघडतो, बारीक आवाजात का होईना, ‘आज शाळेत काय झालं?’ असे विचारतो. नैराश्यात बुडालेला माणूस तोच फोन वाजू देतो. का घेतला नाही विचारले, तर म्हणतो, ‘काय बोलू? माझ्यापायी सगळ्यांचे हाल चाललेत.’ थकवा दोघांनाही सारखाच असतो. दुसऱ्याचा मात्र रस आटलेला असतो आणि आपण घरच्यांवर ओझे आहोत, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. म्हणून झिगमंड आणि स्नेथ या मानसोपचारतज्ज्ञांनी 1983 मध्ये रुग्णालयांसाठी 14 प्रश्नांची मापनश्रेणी तयार केली, तेव्हा शरीराची लक्षणे मुद्दाम वगळली. सात प्रश्न चिंतेचे, सात नैराश्याचे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत अजून आनंद वाटतो का, या धर्तीचे. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते.

गफलतीच्या जागाही बऱ्याच आहेत. गप्प, सुस्त पडून राहिलेल्या वृद्ध रुग्णाला नैराश्य नव्हे, तर संसर्गामुळे किंवा रक्तातील क्षार बिघडल्यामुळे आलेला संभ्रम असू शकतो; तो काही तासांत वरखाली होतो आणि त्याचे मूळ तातडीने शोधावे लागते. अर्धांगवायूनंतर काही जणांना दुःख नसतानाही रडू फुटते व आवरत नाही. तो मेंदूच्या इजेचा परिणाम असतो. थायरॉइड मंदावणे आणि ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता तर हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते.

कारणे केवळ मानसिक नसतात. कंपवातात हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी नैराश्य दिसू शकते. शरीरात दाह वाढला की सायटोकाइन नावाची प्रथिने मेंदूवरही परिणाम करतात. तापात अंग टाकून पडावेसे, कोणाशी बोलू नयेसे वाटते ते त्यामुळेच. यकृतदाहावर दिलेल्या इंटरफेरॉन या सायटोकाइन प्रकारच्याच औषधाने अनेक रुग्णांत नैराश्य आणले, तेव्हा हा संबंध ठळकपणे पुढे आला. स्टेरॉइडने नैराश्यही येते आणि उन्मादही. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत मानसिक लक्षणे 1.3 टक्के होती, 80 मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत 18.4 टक्के. उलट दिशेचे उदाहरण इप्रोनियाझिडचे. 1950 च्या दशकात क्षयावर दिलेल्या या औषधाने रुग्णांची मने खुलली आणि त्यातूनच ते पहिल्या नैराश्यरोधक औषधांपैकी एक ठरले.

नैराश्यग्रस्त रुग्णांत औषधपथ्य मोडण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते. माँट्रियल येथील 1993 च्या अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य असलेल्यांत पुढच्या सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. मात्र नैराश्यावर उपचार केल्याने हृदयरुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे 2003 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. नैराश्य तेवढे उतरले. तेवढे कारण उपचारासाठी पुरेसे मानायला हवे.

सौम्य नैराश्यात समुपदेशन, विचार-वर्तन उपचार आणि झेपेल तेवढा व्यायाम यांनी सुरुवात करतात. औषध निवडताना मूळ आजार पाहावा लागतो. जुनी ट्रायसायक्लिक औषधे हृदयरोगात टाळतात, तिथे सर्ट्रालिन अधिक सुरक्षित ठरते. पण सर्ट्रालिनच्या गटातील औषधे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवतात. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन टाळतात, कारण यकृतात टॅमॉक्सिफेन कार्यक्षम होण्याच्या क्रियेत ती अडथळा आणतात. भूक मेलेल्या, झोप उडालेल्या रुग्णाला मिर्टाझापिन उपयोगी पडते. मधुमेहातील नसांच्या आगीवर आणि नैराश्यावर ड्युलोक्सेटिन एकदमच चालते.

सर्वांत आश्वासक पद्धत म्हणजे दोन्ही आजारांची एकत्र देखभाल. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्यासोबत मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या 214 रुग्णांना घेतले होते. त्यांतील एका गटाच्या पाठीशी प्रशिक्षित परिचारिका होत्या. त्या नियमित संपर्क ठेवत, मन आणि साखर दोन्हींची विचारपूस करत आणि डॉक्टरांकडून औषधे वेळीच बदलून घेत. वर्षभरात या गटाचे नैराश्य, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले.