सरावाचे कॅलिबर (पिस्तूल व रिव्हॉल्व्हर)

सरावाचे कॅलिबर : लक्ष्यावर नेम साधण्याच्या नित्य सरावासाठी, मुख्यतः काडतुसांचा खर्च पाहून निवडलेला काडतुसाचा प्रकार. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. व्यवहारात मात्र या शब्दाने विशिष्ट काडतूसच ओळखले जाते. नावातल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. .३८ स्पेशल या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते, म्हणूनच ते .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडता येते. उलट करता येत नाही, कारण मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचे धातूचे आवरण) मुद्दाम लांब ठेवलेली आहे.

हत्यार एकदाच घ्यायचे असते, काडतुसे मात्र कायम लागत राहतात. म्हणून निवडीचा हिशेब पिस्तुलाच्या किमतीपेक्षा शंभर बारांच्या खर्चावर करणे योग्य ठरते. या हिशेबात .२२ लाँग रायफल (बोलण्यात ‘पॉइंट टू-टू’) सहसा सर्वांत स्वस्त पडते. १८८७ साली अमेरिकेतील जे. स्टीव्हन्स कंपनीने आणलेल्या या काडतुसाची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. शिसे थोडे, दारू चिमूटभर आणि वेगळा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) नाही. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेतच भरलेले असते. झाडलेली पुंगळी हातात घेतली तर कडेवर फायरिंग पिनची (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या खिळीची) छोटी खाच दिसते. कड अशी चेपली जात असल्याने पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. कडेत मिश्रण सारखे पसरले नसेल तर बार फुसका जातो. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबावे आणि मगच काडतूस बाहेर काढावे.

.२२ चा खरा मोठा फायदा पैशांपलीकडचा आहे : धक्का जवळजवळ जाणवत नाही. मोठ्या कॅलिबरवर सुरुवात करणारा नेमबाज बार होण्याआधीच दचकायला शिकतो आणि ही सवय मोडायला फार कष्ट पडतात. ती ओळखण्यासाठी मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी काडतूस मिसळतात. चाप ओढला जातो, बार होत नाही, धक्काही बसत नाही. तरी पिस्तुलाचे तोंड झपकन खाली झुकते. ही चूक नेमबाजाच्या मनगटाची असते, हत्याराची नव्हे. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) स्थिर ठेवून चाप सावकाश दाबण्याची शिस्त .२२ वर निवांतपणे अंगवळणी पडते. या कॅलिबरला केवळ नवशिक्यांचे समजणे चूक आहे. ऑलिंपिकमधील २५ मीटरच्या पिस्तूल स्पर्धा याच काडतुसावर खेळल्या जातात.

मात्र धक्का सांभाळून पटकन पुढचा नेम धरणे .२२ वर शिकता येत नाही. त्यासाठी मोठे कॅलिबर लागते आणि त्यात ९ मिमी पॅराबेलम बहुधा किफायतशीर ठरते. गेऑर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेले हे काडतूस नाटोच्या सैन्यांनी व जगभरच्या पोलीस दलांनी स्वीकारले. प्रचंड उत्पादनामुळे ते स्वस्त राहिले. .४५ एसीपीची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे ९ मिमीच्या ११५ ग्रेनच्या गोळीच्या दुप्पट. त्यात शिसे आणि तांबे जास्त लागते, खर्चही वाढतो. .३५७ सिग किंवा १० मिमी ऑटोसारखी कमी खपाची काडतुसे सरावासाठी घेऊ नयेत.

काडतुसे स्वतः भरणाऱ्यांसाठी .३८ स्पेशल फार सोयीचे. काडतुसातला सर्वांत महाग भाग पितळी पुंगळी. ती अनेकदा वापरता येते. दाब कमी असल्याने ती टिकते आणि रिव्हॉल्व्हर पुंगळ्या इकडे-तिकडे फेकत नसल्याने वेचत बसावे लागत नाही. याच काडतुसात सपाट तोंडाची ‘वॉडकटर’ गोळी भरली की कागदावर स्वच्छ गोल भोक पडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत.

ज्यांच्याकडे मोठ्या कॅलिबरचे पिस्तूल आधीच आहे, त्यांना काही मॉडेलांसाठी .२२ चा रूपांतर संच मिळतो : नळी, स्लाइड (बार झाल्यावर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) आणि मॅगझिन बदलायचे, मूठ आणि चाप तेच. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात कमी जोराच्या .२२ काडतुसाने स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. म्हणून घाऊक खरेदीआधी दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी झाडून पाहावी.

सर्वांत स्वस्त सराव विनाकाडतुसाचा, म्हणजे रिकाम्या हत्याराचा चाप ओढण्याचा. येथे .२२ ची एक अडचण आहे. पुंगळी नसताना काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेच्या) काठावर आदळते आणि दोन्ही खराब होतात. उत्पादकाने मुभा दिलेली नसेल तर आत स्नॅप कॅप (पिनचा आघात झेलणारे नकली काडतूस) घालूनच हा सराव करतात.