चेरी शीटवरच्या तीन ओळी: मॅसॅच्युसेट्सचं शिक्षण मंडळ आणि चार्टर शाळा

मराठी घरात 'बोर्ड' म्हटलं की दहावी-बारावी, हॉल तिकीट आणि निकालाचा दिवस एवढंच डोळ्यापुढे येतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला गेलेल्या आपल्या लोकांची पहिली फसगत या शब्दापाशी होते. दुसरी होते 'डिस्ट्रिक्ट'पाशी. तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, बहुधा एकच गाव. राज्यात शहरं-गावं मिळून ३५१. प्रत्येक डिस्ट्रिक्टची स्कूल कमिटी असते, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेली, बॉस्टनमध्ये महापौरांनी नेमलेली. शाळा कमिटीची, सुपरिंटेंडंट (शाळांचा मुख्य अधिकारी) कमिटीने नेमलेला, आणि खर्चाचा मोठा वाटा गावातल्या घरपट्टीचा.

चार्टर शाळा या चौकटीत बसत नाही. ती सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढते. पण गावाच्या कमिटीचं तिच्यावर काही चालत नाही. कायद्याच्या लेखी अशी शाळा स्वतःच एक डिस्ट्रिक्ट असते आणि तिला सनद देतं राज्याचं शिक्षण मंडळ.

या व्यवस्थेतली सगळी भांडणं एका कागदावर वाचता येतात. कोणत्या गावाला किती मदत मिळणार याचा अंदाज राज्य दर वर्षी कळवतं, त्या पत्रकाला 'चेरी शीट' म्हणतात. एके काळी ते चेरीच्या रंगाच्या कागदावर छापत. आता ते स्क्रीनवर दिसतं, नाव तेवढं मागे राहिलं. त्यात एका ओळीवर शाळांसाठीची मदत जमा असते. दुसऱ्या ओळीवर गावातली जी मुलं चार्टर शाळेत जातात त्यांच्या शिक्षणाचा खर्च वजा होतो. तिसऱ्या ओळीवर त्या वजावटीतला काही भाग राज्य परत देतं. सनद मंडळाने द्यायची आणि वजावट गावाच्या नावावर पडायची, असा हा हिशेब आहे.

मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं. शाळा हा गावाचा विषय, ही समजूत तिथे फार जुनी. ५० कुटुंबं असलेल्या वस्तीने लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस ठेवावा, असा कायदा मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४७ मध्येच केला होता. शिक्षक नेमायचा गावाने, पगार द्यायचा पालकांनी किंवा गावाने. १८३७ मध्ये राज्याचं शिक्षण मंडळ निघालं ते माहिती गोळा करून अहवाल लिहिण्यापुरतं. होरेस मान त्याचे पहिले सचिव. चांगली चाललेली वकिली आणि राज्याच्या सिनेटचं अध्यक्षपद सोडून त्यांनी कमी पगाराची ही नोकरी धरली. हुकूम काढायचा अधिकार नसल्याने ते गावोगाव फिरले, सभा घेतल्या, गळकी छपरं आणि पाठ न टेकता येणारी बाकं कागदावर उतरवली. पिट्सफील्डची एक गोष्ट सांगतात. शिक्षकांच्या शिबिरासाठी ते पोचले तर शाळाघर झाडलेलंही नव्हतं. तेव्हा मान आणि सोबत आलेले गव्हर्नर ब्रिग्ज या दोघांनी हातात झाडू घेतला. एवढा निरुपद्रवी कारभार असूनही १८४० मध्ये मंडळच बरखास्त करायचा ठराव विधिमंडळात आला. तो फेटाळला गेला, पण राजधानीने आमच्या शाळेत नाक खुपसू नये हा सूर तेव्हापासूनचा आहे.

पुढची दीडशे वर्षं चित्र फारसं बदललं नाही. मंडळाला खरी ताकद आली ती पैशाच्या वाटेने. १९८० मध्ये मतदारांनी मालमत्ता कराला लगाम घातला. त्या करातून गावाला मिळणारी एकूण रक्कम, नवी बांधकामं सोडली तर, वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची झाल्यास गावाचं मतदान घ्यावं लागू लागलं. श्रीमंत गावांनी मतदान घेऊन वाट काढली. ब्रॉकटनसारखी कामगारांची शहरं मात्र अडकली आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या नावाने राज्यावर खटला उभा राहिला. १७८० च्या राज्यघटनेत जॉन ॲडम्स यांनी लिहिलेल्या कलमात, सार्वजनिक शाळा जपणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असा शब्दप्रयोग आहे. आता हे 'जपणं' म्हणजे नुसती शोभेची भाषा की राज्यावरचं बंधन? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९९३ ला निकाल दिला की ते बंधन आहे. तीनच दिवसांनी गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी शिक्षण सुधारणा कायद्यावर सही केली. मसुदा अर्थातच आधीपासून शिजत होता.

त्या कायद्याचा सौदा सरळ होता: पैसे आम्ही देतो, हिशेब आम्ही घेणार. प्रत्येक डिस्ट्रिक्टला किमान किती खर्च लागतो ते सूत्राने ठरवायचं, गावाची ऐपत पाहून उरलेलं राज्याने भरायचं. बदल्यात साऱ्या राज्याला एकच परीक्षा, एमकॅस, आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा नाही. त्याच कायद्याच्या एका कलमात चार्टर शाळा होत्या, सुरुवातीला जास्तीत जास्त २५.

चार्टरची कल्पना मुळात बाजारवाल्यांची नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. रे बडी हे याच राज्यातल्या ॲमहर्स्टच्या विद्यापीठातले प्राध्यापक. शिक्षकांच्या गटाला डिस्ट्रिक्टनेच ठरावीक मुदतीची सनद द्यावी, असं त्यांनी मांडलं होतं. १९८८ मध्ये ती कल्पना देशभर नेली ती शिक्षकांच्याच एका मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी. पुढे तिचं रूप बदलत गेलं तसे तेच तिचे टीकाकार झाले. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, त्यानंतर दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्सने. 'सनद' म्हटल्यावर आपल्याला कंपनी सरकार आठवतं आणि ते फार चुकीचं नाही. ईस्ट इंडिया कंपनीची सनदही दर २० वर्षांनी पार्लमेंटपुढे नूतनीकरणाला जायची. हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली ती १८१३ च्या नूतनीकरणातच. इथे मुदत पाच वर्षांची.

सुरुवातीला सनदा द्यायचं काम राज्याच्या शिक्षण सचिवांकडे होतं. १९९६ मध्ये ते पदच मोडीत निघालं आणि काम मंडळाकडे आलं. मिनेसोटात विद्यापीठंही सनद देऊ शकतात. इथे दुसरं दार नाही. १९९७ मध्ये दुसरा प्रकार निघाला: डिस्ट्रिक्टमध्येच राहणारी, स्कूल कमिटीची मान्यता लागणारी चार्टर शाळा. तिला नाव दिलं 'होरेस मान चार्टर'. राज्याच्या देखरेखीसाठी हयात घालवलेल्या माणसाचं नाव नेमकं गावाच्या संमतीने चालणाऱ्या शाळेला मिळालं. २००० पासून मर्यादा ७२ स्वतंत्र आणि ४८ होरेस मान, एकूण १२० अशी आहे.

मुदत संपत आली की मंडळ तीन गोष्टी तपासतं. सनदेत जे कबूल केलं ते शाळा करते का? मुलं शिकतात का? संस्था म्हणून ती धड उभी आहे का? मंडळाच्या हाताखालच्या शिक्षण खात्याची माणसं वर्गात बसून जातात, ताळेबंद पाहतात, खात्याचे प्रमुख म्हणजे कमिशनर शिफारस करतात आणि मंडळ निर्णय देतं. नूतनीकरण, अटींवर मुदत, प्रोबेशन किंवा टाळं. नव्या सनदांवर मंडळाचं मतदान बहुधा फेब्रुवारीत. त्या बैठकीत कुणाही नागरिकाला बोलता येतं, पण तीनच मिनिटं.

ही चाळणी नेहमीच स्वच्छ राहिली असं नाही. ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरातलं प्रकरण अजून निघतं. २००९ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका कलाशाळेला सनद मिळाली, खरं तर खात्याच्या चार्टर कार्यालयाला तो अर्ज निकषांत बसत नव्हता. मग राज्याच्या शिक्षण सचिवांचा (हे पद २००८ मध्ये परत आलं होतं) कमिशनरना गेलेला ईमेल बाहेर आला. एकही अर्ज मंजूर झाला नाही तर राजकीय अडचण होईल, असा त्याचा रोख होता. महानिरीक्षकांनी ताशेरे ओढले, गावात कोर्टबाजी झाली. शाळा २०१० मध्ये उघडली आणि जानेवारी २०१३ मध्ये, ऐन वर्षाच्या मधोमध, बंद पडली. मुलं दप्तरं घेऊन गावच्या शाळांत परतली. सनद देताना कानाडोळा केला की त्याची किंमत कोण मोजतं, ते ग्लॉस्टरने पाहिलं.

२०१० च्या जानेवारीत आलेल्या कायद्याने मंडळाला दोन्ही बाजूंनी धार आली. निकालात सर्वांत मागे असलेल्या दहा टक्के डिस्ट्रिक्टांमध्ये चार्टरकडे जाऊ शकणाऱ्या पैशाची मर्यादा शाळाखर्चाच्या ९ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १८ टक्क्यांवर नेली. शिवाय डिस्ट्रिक्टच फार ढासळला तर मंडळ तिथे रिसीव्हर बसवू शकतं, आपल्याकडे महापालिकेवर प्रशासक बसतो तसा. कमिटीचे अधिकार त्याच्या हाती जातात. लॉरेन्स या जुन्या गिरणगावावर २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ही वेळ आली. तिथली जेमतेम निम्मी मुलं वेळेत हायस्कूल पूर्ण करत होती, आणि शाळांचा जवळजवळ सगळा खर्च राज्यच भरत होतं. रिसीव्हर जेफ रायली यांनी काही शाळा चार्टरवाल्या संस्थांना चालवायला दिल्या, पण मुलं सोडतीने न घेता त्याच वस्तीतली ठेवली. तोडगा चतुर होता, गणितातले गुण लवकर वाढले. २०१५ मध्ये होलियोक, २०१६ मध्ये साउथब्रिज. गावकऱ्यांचा प्रश्न मात्र १८४० चाच होता: आम्ही निवडून दिलेल्या कमिटीने मग करायचं काय?

त्याचं उत्तर मतपेटीतून आलं. दर वर्षी १२ नव्या किंवा विस्तारित चार्टर शाळांना परवानगी द्यावी असा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानाला होता. गव्हर्नर चार्ली बेकर त्याच्या बाजूने होते, जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर उडाले, आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. ज्या उपनगरांत चार्टर शाळेचा वाराही लागलेला नाही तिथूनही विरोध झाला. मुलांना गोंजारणाऱ्या जाहिरातींपेक्षा चेरी शीटवरची वजावट लोकांना जास्त कळली, असं मला वाटतं. तिसऱ्या ओळीवरची परतफेड कशी द्यायची तेही अनेकदा बदललं: आधी वजावट जेवढी वाढली तिच्या तीन वर्षांत १००, ६० आणि ४० टक्के, २०१० मध्ये पहिल्या वर्षी १०० आणि पुढची पाच वर्षं २५-२५, २०१९ च्या कायद्याने पुन्हा १००-६०-४०. मधल्या काळात विधिमंडळाने त्या खात्यात पुरेसे पैसे टाकलेच नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी आणखी एक धागा उसवला: डिप्लोमासाठीची एमकॅसची अट काढून टाकली. परीक्षा मात्र होते, संघीय कायद्याला ती लागतेच. मुलाचा डिप्लोमा आता त्या गुणांवर अडत नाही, त्याच्या चार्टर शाळेची सनद मात्र अडू शकते. पाच वर्षांनी मंडळापुढे जाणाऱ्या फाइलीत ते गुण अजूनही लावलेले असतात.