ऋतू बदलतो तेव्हा गाईच्या पोटात काय होतं?

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की सिन्नरच्या माळावर हिरवळ दिसायला लागते. उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरं दावं सोडायच्या आधीच ओढ घेतात. अशा वेळी जुनी माणसं एक गोष्ट न चुकता करतात. सोडण्याआधी प्रत्येक जनावरापुढे वाळल्या वैरणीची पेंडी टाकतात आणि सुरुवातीचे काही दिवस तास-दीड तासातच सगळी परत आणून बांधतात. बाहेर फुकटचं हिरवं गवत असताना घरातला शिलकीचा कडबा कशाला मोडायचा, असं घरातली तरुण मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गाईच्या पोटातल्या जिवाणूंपाशी आहे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी दिवसभर गवत खातात खरी, पण गवताचा सांगाडा ज्याचा बनलेला असतो ते सेल्युलोज फोडणारं विकर त्यांच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम जिवाणू करतात. त्यांच्यासाठी पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा राखलेला असतो. त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभरेक लिटरचं. आत तापमान 39 अंशांच्या आसपास, प्राणवायू जवळजवळ नाही, आणि द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये 1000 कोटींच्या घरात जिवाणू. शिवाय आदिजीव आणि बुरशी वेगळ्याच. गोबरगॅसच्या टाकीत जे चालतं तेच इथे जास्त वेगाने चालतं. चारा आंबतो, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि त्यांच्यावर गाय जगते, दूध देते. मिथेन ढेकरांवाटे बाहेर पडतो. एवढ्यावर भागत नाही. हे जिवाणू स्वतःही पुढच्या कप्प्यांत वाहत जाऊन पचतात, आणि गाईला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा वाटा त्यांच्यातूनच येतो. गव्हाणीत टाकलेला चारा आधी त्यांचा, मग गाईचा.

आता खरी मेख इथे आहे. कडबा फोडणारे जिवाणू वेगळे, कोवळ्या गवतातली साखर खाणारे वेगळे, धान्यातल्या स्टार्चवर वाढणारे वेगळे. जे खाणं येत राहतं त्यावर जगणाऱ्यांची संख्या वाढते, बाकीच्यांची घटते. हा पालट पुरा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. पाऊस मात्र एका रात्रीत येतो. म्हणून माझं तर ठाम मत आहे की गोठ्यातलं वर्ष उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं मोजण्यापेक्षा त्यांच्या सांध्यांवरून मोजावं. दुखणी येतात ती बहुतेक त्या सांध्यांवर.

पहिलं गवत पाणीदार असतं, त्यात चोथा कमी. चोथा कमी म्हणजे रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ कमी. गाईच्या तोंडात दिवसाकाठी बादल्या भरतील इतकी लाळ सुटते आणि त्या लाळेतला सोडा कोटीपोटातली आम्लता ताब्यात ठेवतो. लाळ घटली की तो आधार जातो. उपाशी जनावर कोवळ्या गवतावर तुटून पडलं तर आंबण्याचा वेग एकदम वाढतो, वायू साठतो, डावी कूस फुगते. लसूणघासाचा आणि इतर शेंगवर्गीय झाडांचा पाला असेल तर वायू फेसात अडकतो आणि ढेकरही येत नाही. सोडण्याआधीची ती एक पेंडी पोटात चोथा ठेवते, भूक मोडते आणि जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ देते.

शेळ्यांच्या बाबतीत हा सांधा आणखी वाईट. आंत्रविषार करणारा क्लॉस्ट्रिडियम जिवाणू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. कोवळं, साखरयुक्त खाणं भरमसाट गेलं आणि न पचता आतड्यापर्यंत पोहोचलं की तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट, सगळ्यात खादाड करडू संध्याकाळी बरं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. घरातल्या बाईने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं पिल्लू असं जाताना बघणं फार जिव्हारी लागतं. याची लस आहे, ती पावसाळ्याआधी, मे महिन्यात टोचून घ्यायची. घटसर्प आणि फऱ्याची लसही त्याच सुमारास.

इगतपुरी-त्र्यंबककडे चित्र वेगळं. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पन्नासेक किलोमीटरवरच्या सिन्नरला त्याच्या पाचवा हिस्साही नाही. एकाच जिल्ह्यात जनावरांचे दोन वेगळे संसार. घाटमाथ्यावर डांगी गाय टिकते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे संततधारेतही पाणी अंगात मुरत नाही, आणि तिचे काळे टणक खूर चिखलात, कातळावर लवकर खराब होत नाहीत. भाताच्या खाचराच्या बांधावर भिजत चरणारी काळी-पांढरी डांगी जवळून पाहिली तर पाठीवरून पाण्याचे थेंब घरंगळताना दिसतात. जास्त दुधाची संकरित गाय त्या पावसात उभी करणं मला पटत नाही.

पावसाळ्यातला छुपा शत्रू म्हणजे जंत. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातला रक्त पिणारा जंत लेंड्यांवाटे अंडी टाकतो. दमट, उबदार हवेत आठवडाभरात त्यातून अळ्या तयार होतात आणि पात्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून वर चढतात. त्या राहतात बहुतेक जमिनीलगतच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये. त्यामुळे तेच ते रान बुडख्यापर्यंत खरडून खाल्लं गेलं की जंत वाढतात, आणि दव असताना भल्या सकाळी चरायला सोडणंही धोक्याचं. शेळी स्वभावाने पाला खाणारी आहे. बोर, बाभूळ, हिवर असं उंचावरचं खायला मिळालं तर ती आपोआप वाचते. तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघावी. आतली कातडी लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरट पडली असेल तर जंत रक्त पिताहेत. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजण्यापेक्षा अशा पांढऱ्या पापणीच्या शेळ्यांनाच पाजलं तर औषधाला न जुमानणारे जंत तयार व्हायला वेळ लागतो.

श्रावणी अमावस्येला पोळा. वर्षभर राबलेल्या बैलाला पुरणपोळी भरवताना कुणाचा हात आखडत नाही, आणि तो आखडावा असंही मी म्हणणार नाही. घास दोन घास प्रेमाने द्यावेत. पण घरोघरी मिरवत गेलेल्या बैलाच्या पोटात दिवसभरात पाटीभर पोळ्या, भात, गूळ जातो तेव्हा काय होतं ते माहीत असावं. स्टार्च आणि साखर खाणारे जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. एरवी कोटीपोटाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 च्या दरम्यान असतो, तो 5 च्या खाली घसरतो. एवढ्या आम्लात गवत पचवणारे जिवाणू मरतात, कोटीपोट हालायचं थांबतं, अंगातलं पाणी ओढून आत येतं, आणि बैल दुसऱ्या दिवशी मान टाकून बसतो. पितृपक्षातलं पानावरचं उरलेलं अन्न, लग्नातला उरलेला भात, खळ्यावर मोकळ्या सुटलेल्या गाईने खाल्लेला मका, सगळ्यांची गत हीच. डॉक्टर खाण्याचा सोडा देऊन आम्लता उतरवतात आणि कधी कधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातला द्रव काढून आजारी जनावराला पाजतात. मेलेल्या जिवाणूंच्या जागी नवे वसवण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग.

आणि आता चाऱ्यातलं सगळ्यात मोठं कोडं. डोंगरउतारावरचं गवत भाद्रपदात फुलोऱ्यात येतं. तेव्हा त्यात प्रथिनं साधारण 7-8 टक्के असतात. चाऱ्यातली प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंना नत्र कमी पडतं, पचन मंदावतं आणि जनावर समोर गंजी असूनही कमी खातं. म्हणजे गवत कापायची खरी वेळ हीच. पण तेव्हा पाऊस चालू असतो. वाळवायला ऊन नाही, आणि ओलसर गवत रचलं तर बुरशी येते, आतून तापून गंजी पेटूही शकते. म्हणून माणसं दसऱ्यानंतर कापतात. तोवर बी पडून गेलेलं असतं, लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा भाग, वाढलेलं असतं आणि प्रथिनं 3-4 टक्क्यांवर येतात. गवत कसदार असतं तेव्हा वाळत नाही, आणि वाळतं तेव्हा कस उरत नाही.

त्याच दिवसांत, वाघबारशीच्या सुमारास, कुसळी गवत पिकतं. कुसळाच्या बियाला टोकदार सुई आणि मागे लांब शेपटी असते. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा. शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि बी गोल फिरतं. वाळलं की पीळ पुन्हा बसतो. रोजच्या दव-उन्हात असं फिरत फिरत ते बी मातीत शिरतं, आणि मेंढीच्या लोकरीत अडकलं तर कातडीत. हेच गवत फुलोऱ्याआधी चारलं तर उत्तम चारा आहे.

या कोड्यावर आजचा सर्वांत चांगला तोडगा म्हणजे मुरघास. वाळवायची गरजच उरत नाही. येवला, चांदवड, मालेगावकडे मका मुबलक. दाणा चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून दाबून हवा काढायची आणि बंद करायचा. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू साखर खाऊन सामू 4 च्या आसपास आणतात, आणि त्या आम्लतेत कुजवणारे जिवाणू वाढत नाहीत. बैलाच्या पोटात ज्या आम्लाने घात होतो तेच आम्ल इथे चारा राखतं. साधारण 45 दिवसांनी उघडायचा. डोंगरी गवताचाही होतो, पण त्यात साखर कमी, म्हणून गुळाचं पाणी शिंपडावं लागतं. खायला घालताना मात्र पुन्हा तोच नियम, पहिल्या दिवशी थोडा, मग वाढवत.

थंडीत निफाडचा पारा अनेकदा 5 अंशांच्या खाली जातो. मोठ्या जनावराला त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण चारा आंबताना उष्णता सुटते आणि रात्री भरपूर वाळली वैरण टाकली की ती ऊब पहाटेपर्यंत पुरते. नुकत्याच जन्मलेल्या करडाचं कोटीपोट चालूच झालेलं नसतं. त्याला जंतुवस्ती जमवायला दोन-तीन महिने लागतात. तोवर कोरडं अंथरूण, आडोसा आणि आईचं दूध एवढाच त्याचा शेकोटीचा हिशेब.

नाशिकची म्हणून एक खास काळजी इथे सांगितलीच पाहिजे. भाव पडला की कांदा जनावरांपुढे ओतला जातो, चाळीतला सडका कांदाही. कांद्यातली गंधकाची संयुगं तांबड्या रक्तपेशी फोडतात, लघवी तांबडी-काळपट होते, गाय हिरड्यांपर्यंत पांढरी पडते. गाईला याचा त्रास सगळ्यात जास्त, शेळ्या-मेंढ्यांना त्या मानाने कमी. द्राक्षबागेचं दुसरं. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीतलं) तांबं पानांवर आणि खालच्या गवतावर साठतं. मेंढीचं यकृत तांबं बाहेर टाकण्यात फार कमकुवत. ते महिनोन् महिने साठत जातं आणि एक दिवस एकदम रक्तात उतरतं. छाटणीनंतर बागेत मेंढ्या बसवण्याआधी फवारणी काय झाली ते बागवाल्याला विचारायला लाजू नये.

उन्हाळ्यात उरतो भाताचा पेंढा, बाजरीचं सरमाड, मक्याची वैरण. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि 21 दिवस कागदाखाली गच्च झाकायचा. सुटणारा अमोनिया पेंढ्याचे धागे सैल करतो आणि जिवाणूंना नत्रही मिळतं. युरियाचं पाणी मात्र जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, ते थेट जिवावर बेततं.

बांधावरचं सुबाभूळ उन्हाळ्यातही हिरवं असतं आणि त्याच्या पाल्यात प्रथिनं भरपूर. पण त्यात मायमोसिन नावाचा विषारी घटक असतो. तो जास्त गेला तर केस गळतात, लाळ गळते, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास होत होता, आणि हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला पोटभर खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात ताडलं की फरक पोटातल्या जिवाणूंचा असणार. हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले, आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागलं. मायमोसिनचं विष मोडणाऱ्या त्या जिवाणूला 1992 मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. आपल्याकडे सुबाभूळ घालताना एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावं, रोज थोडं थोडं वाढवत न्यावं, आणि गाभण जनावरांना जपून द्यावं.