गोवा नावाची गाडी

इटलीत महिंद्राची स्कॉर्पिओ दिसली तर तिच्यावर 'स्कॉर्पिओ' शोधू नका. तिथे ती 'महिंद्रा गोवा' या नावाने विकली गेली. २००२ साली भारतात आलेली, फोंड्या-डिचोलीच्या रस्त्यांवर रोज दिसणारी तीच उंच, दणकट गाडी. आपल्या मुलखाचं नाव लावून ती युरोपात फिरली आणि आपल्यातल्या कितीतरी लोकांना याचा पत्ताही नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. युरोपात 'स्कॉर्पिओ' हे नाव त्याआधी फोर्डच्या एका मोठ्या गाडीचं होतं. ती १९८५ ते १९९८ या काळात तिथे विकली जात होती. गाडी परदेशी निघाली की पहिला प्रश्न येतो तो हाच: हे नाव तिथे आधीच कुणाचं आहे का?

आपल्याकडे नावांची ही अदलाबदल फार जुनी आहे. अँबॅसडर म्हणजे मुळातली इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. इटलीची फियाट ११०० मुंबईत बनू लागली, नंतर तिचं प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. पण जुन्या माणसांच्या तोंडी ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. त्या काळात परदेशी कंपनीचा साचा घ्यायचा, गाडी इथे बांधायची आणि नाव आपलं द्यायचं अशी रीत होती. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० ही सुझुकीचीच छोटी गाडी. पुढच्या वर्षी आलेली मारुती व्हॅन म्हणजे जपानची सुझुकी कॅरी. तिला 'ऑम्नी' हे नाव १९८८ मध्ये मिळालं, तरी गोव्यात टॅक्सीवाल्यांपासून पाव विकणाऱ्या पदेरापर्यंत सगळे 'व्हॅन'च म्हणत आले. जिप्सीची भावंडं अमेरिकेत सामुराय, ऑस्ट्रेलियात सिएरा. आपली झेन युरोपला गेली ती अल्टो होऊन, आणि पुढे २००० साली आपल्याकडे जी अल्टो आली ती वेगळीच गाडी!

मालकीहक्कापेक्षा नाजूक बाब भाषेची. मित्सुबिशीने पाजेरो हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या एका रानमांजरावरून घेतलं. स्पॅनिशमध्ये तो शब्द शिवी ठरतो, म्हणून स्पेन आणि अमेरिकेत तीच गाडी मोंतेरो झाली. ब्रिटनमध्ये ती शोगुन. ह्युंदाईची कोना तर गोंयकारांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. कोना हा हवाई बेटांमधला एक भाग. पण पोर्तुगीज कानाला हा उच्चार स्त्रीदेहाविषयीचा गलिच्छ शब्द वाटतो. म्हणून पोर्तुगालमध्ये गाडीला त्याच द्वीपसमूहातल्या दुसऱ्या बेटाचं, काउआईचं नाव दिलं. २०१९ मध्ये विजेवर चालणारी कोना भारतात आली ती मूळ नावानेच. मराठी माणसाला कोना म्हणजे घराचा कोपरा, त्यात वावगं काही नाही. पण ज्या घरांत आजी-आजोबा अजून पोर्तुगीज बोलतात, तिथे हे नाव जेवणाच्या टेबलावर मोठ्याने घेणं अवघडच.

याच संदर्भात शेव्हरोले नोव्हाची गोष्ट नेहमी सांगितली जाते: 'नो वा' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'चालत नाही', म्हणून ती गाडी खपली नाही. ही दंतकथा आहे. मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात ती विकली गेली. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीच्या पेट्रोलचंच नाव 'नोव्हा' होतं. आणि पोर्तुगीजमध्ये नोव्हा म्हणजे नवी. १८४३ मध्ये पणजीला 'नोव्हा गोवा' म्हणून शहराचा दर्जा मिळाला होता, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नाव बदलायची वेळ कधी अचानकही येते. टाटांनी 'झिका' नावाची छोटी गाडी तयार ठेवली होती. २०१६ च्या सुरुवातीला त्याच उच्चाराच्या विषाणूने जगभर धास्ती पसरवली आणि ऐनवेळी नाव बदलून 'टियागो' केलं. ख्रिस्ती घरांत तियागो हे माणसाचं नाव, संत याकोबाचं पोर्तुगीज रूप. त्याआधी पुण्यात बनलेली इंडिका २००३ मध्ये ब्रिटनला 'सिटीरोव्हर' म्हणून गेली होती. २००५ मध्ये रोव्हर कंपनीच बुडाली.

अलीकडे मात्र कंपन्याच आपसात गाड्या वाटून घेतात. महिंद्राने रेनोबरोबर आणलेली लोगान भागीदारी मोडल्यावर व्हेरिटो झाली. निसानची मायक्रा रेनोच्या दालनात पल्स झाली, मारुतीची बलेनो टोयोटाकडे ग्लँझा आणि आफ्रिकेत स्टारलेट. या प्रकाराचा गाडीवाल्याला कामाचा उपयोग आहे. म्हापशाच्या बाजारात एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी निसान टेरानोचे पुढचे ब्रेक पॅड मागितले. दुकानदाराने फळीवरून जो खोका काढला त्यावर रेनोच्या डस्टरचं नाव लिहिलेलं. मी थबकलो. त्याने खोका उघडला, जुना पॅड नव्यावर ठेवून कडा जुळवून दाखवल्या आणि म्हणाला, "ती आनी ही एकूच गाडी."